बायकोचं चित्र आणि ५० हजार मार्क

रेघोट्या: 'कॅनव्हासवेडा' यांनी काल लिहिलं की जर्मनीतल्या ब्रेमेनच्या कुन्स्टहालेने, म्हणजे तिथल्या कलासंग्रहालयाने, फ्रेंच चित्रकार मोनेने काढलेलं त्याच्या बायकोचं, कामीयचं चित्र १९०६ साली ५० हजार मार्क मोजून घेतलं, नवऱ्याच्या प्रेमाला याहून मोठी पावती नाही, आपले चित्रकार मात्र बायकोला फक्त चहा टाकायला सांगतात. डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अहो, चित्र १८६६चं, आणि तेव्हा ती बायको नव्हतीच. एकोणीस वर्षांची मॉडेल होती. लग्न झालं १८७०ला, मुलगा तीन वर्षांचा होत आला तेव्हा. चित्र काढलं ते पॅरिसच्या सलाँसाठी, म्हणजे तिथल्या सरकारमान्य मोठ्या प्रदर्शनासाठी, कारण आधी हातात घेतलेलं अवाढव्य चित्र वेळेत पुरं होईना. लेखक झोलाने कौतुक केलं, मोनेचं नाव झालं, आणि पुढे साहेबांनी ते ८०० फ्रँकांना विकूनही टाकलं. इतकं प्रेम! चित्र नीट बघा: ती निघालीय, चेहरा जेमतेम वळलेला, हात टोपीच्या फितीशी. माणसाहून उंच कॅनव्हास, त्यातली बरीचशी जागा हिरव्या-काळ्या पट्ट्यांच्या रेशमी झग्याने खाल्लेली. संग्रहालयाने झगा विकत घेतला, बाई वर फुकट आली.

कॅनव्हासवेडा: टाळ्यांची वाक्यं छान जमतात तुम्हाला. खिशात दमडी नसताना चित्र विकलं तर काय पाप केलं? दुसऱ्या बायकोने, आलीसने, कामीयची पत्रं-फोटो नष्ट केले असं सांगतात. हे चित्र घरात असतं तर त्याचं काय झालं असतं, तुम्हीच सांगा. आणि १८७९चं मृत्युशय्येवरचं चित्र सोयीस्करपणे विसरलात. ३२ वर्षांची होती ती. प्रेम नसताना असं चित्र काढतं का कोणी?

रेघोट्या: त्याच चित्राबद्दल मोनेने म्हातारपणी त्याच्या मित्राला, फ्रेंच राजकारणी क्लेमांसोला, काय सांगितलं तेही वाचा. ती समोर गेलेली, आणि हा तिच्या चेहऱ्यावर निळा, पिवळा, राखाडी कसकसा चढतोय ते टिपतोय. स्वतःचीच भीती वाटली त्याला.

ठाण्याची_वहिनी: तुम्ही दोघं कधी चित्रासाठी बसलायत का? आमचे हे चित्रकार. लग्नानंतरचा पहिला मे महिना, अंगावर पैठणी, आणि पंखा बंद, का तर पदर हलतो. गॅसवर दूध उतू गेलं तरी 'दोनच मिनिटं, मान हलवू नकोस'. चित्राला बक्षीस मिळालं. खाली पाटी: 'चित्रकाराची पत्नी'. माझं नाव घालायला शाई संपली होती का? पुढे ते एका कार्यालयाने घेतलं. सध्या जिन्याखाली असतं म्हणे. कामीयच्या चित्राला निदान तिचं नाव तरी आहे.

टोकदार: वहिनी, +१. चित्रकार सेझानची बायको ओर्तांस घ्या. तेलरंगातली एकोणतीसेक चित्रं, आणि बहुतेक पाट्यांवर काय? 'मादाम सेझान'. वर समीक्षक म्हणणार, बाईचा चेहरा आंबट. तासन्‌तास बसवून ठेवल्यावर हसायचं कशाला?

करदाता_नं_१: पाट्या राहू द्या. परक्या देशाच्या चित्रावर ५० हजार कशाला? ते घेणाऱ्या ब्रेमेनच्या संचालकाने, पाउलीने, पुढे व्हॅन गॉगचं पॉपीचं शेत ३० हजारांना घेतलं, तेव्हा १९११ साली चित्रकार कार्ल फिनेनने शंभरावर जणांना घेऊन निषेध छापला. योग्यच केलं. आमच्या गावच्या चित्रकाराच्या मुलीने वडिलांची चित्रं एका सरकारी संग्रहालयाला फुकट देऊ केली. उत्तर आलं, जागा नाही.

टोकदार: ब्रेमेनचं संग्रहालय कलाप्रेमी सभासदांच्या संस्थेचं आहे, १८२३ पासूनच्या. करदात्याच्या नावाने गळा काढू नका. आणि ते पॉपीचं शेत आज ब्रेमेनची शान आहे. फिनेनची चित्रं बघायला कोण जातं?

करदाता_नं_१: म्हणजे गर्दी ठरवणार कला कोणती? वा!

कॅनव्हासवेडा: मूळ मुद्दा प्रेमाचा होता. कामीय गेली तेव्हा मोनेने मित्राला पत्र लिहिलं: गहाण पडलेलं तिचं लॉकेट सोडवून द्या, जाताना तिच्या गळ्यात घालायचंय. आता बोला.

ठाण्याची_वहिनी: गहाण ठेवायची वेळ कोणामुळे आली?

कॅनव्हासवेडा: वहिनी, तुमच्यापुढे हात टेकले.

रेघोट्या: बरं, एवढं मान्य करतो की पाउलीने घेतलं ते उत्तम केलं. मोनेच्या संसाराचं प्रमाणपत्र म्हणून नव्हे, चित्र जबरदस्त आहे म्हणून. खूश?

कॅनव्हासवेडा: उपकार झाले. चहाचं वाक्य मागे घेत नाही मात्र.

ठाण्याची_वहिनी: आमच्याकडे चहा हेच करतात, आणि तो पाणचट असतो. त्या जिन्याखालच्या चित्रापर्यंत कोणाची ओळख पोचत असेल तर सांगा. पाटी मी स्वतः करून देईन.