मलेरियाच्या जंतूला कॅल्शियम मिळतं तरी कुठून?

सेमिनारग्रस्त
एमएस्सी पार्ट टू, मायक्रो. परवा सेमिनार आहे, विषय मीच हौसेनं मागून घेतला आणि आता रडतेय. रक्ताच्या प्लाझ्मात मोकळं कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर, आणि तांबड्या पेशीच्या आत १०० नॅनोमोलरपेक्षाही कमी, म्हणजे दहा हजार पटींच्या वर फरक. फाल्सिपेरम हा मलेरियाचा जंतू त्याच पेशीत ४८ तास कोंडून बसतो, मग तो स्वतःचा साठा भरतो कशातून? साठा आहे हे नक्की, कारण साठा भरणारा पंप अडवणारं थॅप्सिगार्गिन दिलं की सायटोप्लाझममधलं (जंतूच्या पेशीद्रवातलं) कॅल्शियम वाढलेलं दिसतं. सिनियरच्या नोट्समध्ये एटीपी६ आणि एटीपी४ असे दोन कॅल्शियम पंप लिहिलेत. गाईड म्हणतात "वाच तू". कोणीतरी माणसाला कळेल असं सांगा प्लीज.

जुना_लॅबवाला
फुगा घे, अर्धवट फुगव आणि त्यात बोट खुपस. आता बोटाला कुठली बाजू लागलीये? फुग्याची बाहेरचीच ना! मेरोझॉइट, म्हणजे जंतूचं घुसखोर रूप, पेशीत शिरतो तेव्हा नेमकं हेच होतं, पेशीचंच आवरण आत ढकललं जाऊन त्याच्याभोवती पिशवी होते, त्या पिशवीला पॅरासिटोफोरस व्हॅक्युओल म्हणतात. तांबड्या पेशीच्या आवरणात कॅल्शियम बाहेर फेकणारा पंप असतोच, आता आवरण उलटं झालं म्हटल्यावर त्या पंपाचं "बाहेर" म्हणजे ही पिशवी, म्हणजे पेशी बिचारी आपलं घर साफ करतेय समजून चोराच्या खोलीत माल भरत राहते 😄 २००३ साली साओ पावलोच्या गटानं पिशवीत कॅल्शियम दाखवणारं रंगद्रव्य अडकवून मोजलं तर ४० मायक्रोमोलरच्या आसपास आलं. प्लाझ्मापेक्षा बरंच कमी, पण तांबड्या पेशीच्या आतल्यापेक्षा कितीतरी जास्त. हे कॅल्शियम कमी केलं की जंतूची वाढ बिघडते हेही त्यांनीच दाखवलं.

पेट्रीडिश
लॅबवाले दादांचा फुगा भारी, पण ताई त्या नोट्स आधी फेकून द्या. एटीपी४ कॅल्शियम पंप नाही! आधी तसं वाटायचं खरं, पण २०१३ मध्ये दाखवलं गेलं की तो जंतूतलं सोडियम बाहेर काढतो, सिपार्गामिन हे औषध त्यालाच धरतं. एटीपी६ मात्र खरा, तो ईआरमध्ये (पेशीच्या आतल्या पडद्यांच्या जाळ्यात) बसून सायटोप्लाझममधलं कॅल्शियम आत ओढतो, थॅप्सिगार्गिन ज्याला अडवतं त्याच जातीचा. आर्टेमिसिनिन हे मलेरियाचं औषध एटीपी६ वरच काम करतं असंही २००३ साली गाजलं होतं, पण २०१४ मध्ये रेझिस्टन्सची खूण के१३ जीनमध्ये सापडली आणि ते मागे पडलं. परीक्षक यावर हमखास अडवतात.
साठ्याच्या जागा ईआर सोडूनही आहेत: ॲसिडोकॅल्सिसोम (कॅल्शियम भरलेल्या ॲसिडच्या पिशव्या) आहेत, मायटोकाँड्रिया आहे. फूड व्हॅक्युओलमध्ये (जंतू हिमोग्लोबिन पचवतो त्या पिशवीत) किती असतं यावर भांडण आहे, तिथे इतकं ॲसिड की रंगद्रव्याचं रीडिंगच फसवं येतं. आकडा सांगायच्या भानगडीत पडू नका.

संध्याकाळचा_चहा
मी सायन्सवाली नाही, सहज विचारते. घरात मलेरियाचा पेशंट असेल तर कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायच्या का मग? जंतूला खुराक नको म्हणून?

जुना_लॅबवाला
नाही हो ताई, रक्तातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोर सांभाळतं, कमी पडलं तर हाडातून काढतं, त्यामुळे गोळी बंद करून जंतू उपाशी मरत नाही. चालू औषधांचं तेवढं डॉक्टरांना विचारा.

सेमिनारग्रस्त
बापरे एटीपी४ ची पूर्ण स्लाइड होती माझी 🙈 आता शेवटचं, साठा भरला, पण तो सुटतो कसा? आयपी३ रिसेप्टर (आपल्या पेशीत साठ्यातलं कॅल्शियम सोडणारं दार) लिहिलं तर चालेल?

पेट्रीडिश
नका लिहू. जंतूचा जीनोम २००२ लाच आला, त्यात आपल्यासारखा आयपी३ रिसेप्टर सापडला नाही. वाट अशी दिसते: सीजीएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्याने पीकेजी हे एन्झाइम जागं होतं, मग कॅल्शियम सुटतं, आणि २०२१ मध्ये पीकेजीला चिकटलेलं आयसीएम१ नावाचं प्रोटीन मिळालं, ते काढलं की हे सुटणं मंदावतं. सुटलेलं कॅल्शियम सीडीपीके नावाच्या काइनेजना (इतर प्रोटीनना फॉस्फेट चिकटवणाऱ्या एन्झाइमना) उठवतं. ही काइनेज वनस्पतींमध्ये असतात, माणसात नाहीत, म्हणून औषधवाल्यांचा डोळा त्यांच्यावर. सीडीपीके५ नसेल तर मेरोझॉइट तयार होऊनही पेशी फोडून बाहेर येत नाहीत. आणि डासाच्या पोटात तापमान उतरलं, डासातलं झँथुरेनिक ॲसिड मिळालं की सीडीपीके४ मुळे नर गॅमेटोसाइट (नर गॅमेट बनवणारी जंतूची पेशी) १०-१५ मिनिटांत आठ गॅमेट सोडतो, मायक्रोस्कोपखाली बघायला मिळालं तर सोडू नका, काय वळवळ असते ती!
दिल्लीच्या आयसीजीईबी या संशोधन संस्थेचं २०१० चं कामही बघा, पेशीतून बाहेर पडल्यावर पोटॅशियम एकदम कमी होतं आणि त्यानेच मेरोझॉइटमधलं कॅल्शियम चढतं असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यावर वाद झाला, तोही सांगा.

सेमिनारग्रस्त
दोघांनाही साष्टांग नमस्कार. एटीपी४ उडवलं. फुगा वर्गात खरंच नेणारे, लाल.

जुना_लॅबवाला
ने, पण अर्धाच फुगव आणि आधी नखं काप. माझा ऐन एक्स्टर्नलसमोर फुटला होता.