मदत हवी आहे : पार्श्वचित्रातले धुके राखून पात्र उठून कसे दिसेल?

साताऱ्यात आम्ही दोघे मिळून गोडो (Godot) या गेम बनवण्याच्या इंजिनवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर, एक छोटा द्विमितीय रोल-प्लेइंग गेम तयार करत असून, त्यातील पहिले दृश्य वाईच्या गणपती घाटावरील हिवाळी पहाटेचे आहे. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’ या गेमप्रमाणे आधीच तयार केलेल्या स्थिर चित्रावर पात्रे चालवायची, असे ठरवून आम्ही जलरंगातील चित्रे स्कॅन केली आहेत. ओल्या पायऱ्यांवरचा करडा उजेड अगदी मनासारखा उतरला आहे. मात्र करडी घोंगडी पांघरलेला आमचा धनगर त्या पायऱ्यांवर उभा राहिला की दिसेनासाच होतो. त्याला काळी बाह्यरेषा दिली, तर तो कापून चिकटवल्यासारखा वाटला. चित्राचे रंग फिके केले, तर पहाटेची दुपार झाली. घोंगडीचा रंग बदलणे कथेमुळे शक्य नाही (आणि लाल घोंगडी कोणाला पटणार?). गेम साध्या मोबाइलवर चालायला हवा असल्याने इंजिनमधील प्रकाशयोजनेचा भारही टाकता येत नाही. अशा वेळी पात्राच्या वाटेवर उजेडाचा पट्टा चित्रातच रंगवावा, की पात्रामागे धुक्याचा वेगळा अर्धपारदर्शक थर ठेवावा, आणि तो थर पात्राबरोबर सरकला तर खोटा वाटेल का?