केनियाची 2003 ची सेमीफायनल फुकटची होती म्हणे!

लेगबाय: काल इथल्या एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं की न्यूझीलंड नैरोबीला गेलं नाही म्हणून केनियाला लॉटरी लागली, आणि असल्या संघांमुळे वर्ल्डकपची जत्रा होते. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, न्यूझीलंडचे गुण आयते मिळाले, मान्य. पण श्रीलंका तर गेली होती ना नैरोबीला? 53 धावांनी हरून आली. कॉलिन्स ओबुयाने 24 धावांत 5 काढले. पुढे बांगलादेशला हरवलं, सुपर सिक्समध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या सहा संघांच्या फेरीत, झिम्बाब्वेला 7 गडी राखून. त्याआधी आपण केनियाकडून 1998 ला ग्वाल्हेरला 69 धावांनी मार खाल्ला, 2001 ला पोर्ट एलिझाबेथला 70 धावांनी. लॉटरी इतक्यांदा लागते होय? आणि मग खेळायला दिलं कुणी? 2004 ला चॅम्पियन्स ट्रॉफीतले दोन सामने, त्यानंतरची वनडे थेट 2006 मध्ये. आयसीसीने गळा दाबला, दुसरं काय!

किरकोळ_रजा: ते ठोकून देणारा मीच. न्यूझीलंडचे ते आयते चार गुण सुपर सिक्समध्येही सोबत आले, हे सोयीस्कर गाळलंत. आणि गळा घरच्यांनीच दाबला. त्यांच्याच मॉरिस ओडुंबेवर 2004 मध्ये बुकींच्या संबंधांवरून पाच वर्षांची बंदी, पैशांवरून खेळाडूंचा संप, शेवटी अख्खी असोसिएशनच गुंडाळली. हेही आयसीसीने केलं का?

नाना_कोथरूड: 29 फेब्रुवारी 1996, वर्ल्डकपची मॅच, पुण्याचं नेहरू स्टेडियम, मी होतो! केनिया 166, त्यात सगळ्यात जास्त धावा कुणाच्या? अवांतर, 37. तो चष्मेवाला कीपर तारिक इक्बाल सकाळपासून... जाऊ दे, पण लाराचा झेल त्यानेच घेतला. वेस्ट इंडिज 93! आणि 2003 ला कोच कोण? आपला संदीप पाटील!!

किरकोळ_रजा: झालं. आला मराठी माणूस.

नैरोबीकर: बरीच वर्षं नोकरीला तिथे होतो. दोघांचंही चुकतंय. क्रिकेट तिकडे क्लबात आहे, गल्लीत नाही. जिमखाना, आगाखान, स्वामीबापा, जाफरी... नावांवरूनच मालकी कळते, भारतीय वंशाच्यांची. आफ्रिकन खेळाडू आले ते मोजक्या घरांतून. टिकोलो, ओडुंबे, सुजी, ओबुया, सगळीकडे भाऊ-भाऊच. ती पिढी संपली आणि संघ बसला. मी रविवारी जिथे खेळायचो तिथे एक पोरगा आम्हाला नेटमध्ये बॉलिंग टाकायचा. निम्म्यांना त्याचा चेंडू दिसायचा नाही. मॅचच्या दिवशी तो रोलर ओढायचा, कारण मेंबर नव्हता.

शिलिंगशेठ: आणि तो रोलर कुणाच्या पैशाचा होता? माझा जन्म मोंबासाचा. आमच्या बापजाद्यांनी मैदानं केली नसती तर टिकोलो फुटबॉल खेळला असता. केनियाचा स्पिनर आसिफ करीमही क्लबवालाच ना? 2003 ला ऑस्ट्रेलियासमोर 8.2 षटकं, 6 निर्धाव, 7 धावांत 3 बळी! पक्षपात म्हणाल तर पंच सुभाष मोदींनी पोटच्या पोराला, हितेशला, पायचीत दिलंय.

नैरोबीकर: मैदान बांधलंत, फाटकही लावलंत. मी पंचांबद्दल बोललोच नाही.

शिलिंगशेठ: तुम्ही तरी रविवारी फाटकाच्या आतच होतात की! तेव्हा त्या पोराला स्वतःची जागा दिलीत का? आता इथे बसून अश्रू.

लेगबाय: अरे, धागा कशाचा होता? 1997 च्या आयसीसी ट्रॉफी (वर्ल्डकपची पात्रता स्पर्धा) फायनलला केनिया-बांगलादेशचा निकाल शेवटच्या चेंडूवर लागला. बांगलादेशला 2000 मध्ये कसोटी दर्जा, केनियाला ठेंगा. यावर बोला की.

किरकोळ_रजा: बरं, सेमीफायनल निम्मी कमाईची. खूश? आता उरलेल्या वीस वर्षांचं सांगा. 2014 ला वनडे दर्जा गेला. 2024 ला भारताच्या दोड्डा गणेशला कोच नेमून महिन्याभरात काढलं. त्याच वर्षी शेजारचा युगांडा टी-20 वर्ल्डकप खेळून आला, तोही पात्रता फेरीत झिम्बाब्वेला पाडून. त्यांचा गळा आयसीसीने दाबला नाही वाटतं.

शिलिंगशेठ: आणि त्या युगांडाच्या संघात कोण होते? रामजानी, नाकराणी, रौनक पटेल. मोजून घ्या, नैरोबीकर.

नैरोबीकर: ते मोठेपणी तिकडे गेलेले. रामजानी तर मुंबईत वाढला. तुमच्या क्लबांचं त्यात काय श्रेय?

नाना_कोथरूड: मुंबईचा?! बघा!

किरकोळ_रजा: नाना, प्लीज.