संध्याकाळचा पाऊण तास, अडीच आणि पाच वर्षांची मुलं: घरातल्या वस्तूंचे खेळ सांगा

पाऊसबाबा (इंदिरानगर, नाशिक)
दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, पावसामुळे मुलांना खाली सोडता येत नाही. मुलगी अडीच वर्षांची, मुलगा पाचचा. सहा ते पावणेसात मी एकटा दोघांजवळ असतो, त्यातच कुकर लावायचा असतो. विकतची खेळणी थोड्या वेळात बाजूला पडतात आणि मोबाईलची मागणी सुरू होते. दोघांना शेजारी बसून खेळता येईल असं घरातलंच काही सुचवा. मैद्याचा खेळायचा गोळा हाताला चिकटतो, तो का? मुलगी अजून सगळं तोंडात घालते.

बालवाडीताई
नुसत्या पाण्यात मळलेला कच्चा मैदा चिकटणारच. मोदकाची उकड काढतो तसा तो शिजवून घ्यायचा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल, दोन लहान चमचे लिंबाचा रस. सगळं गार असतानाच पातेल्यात कालवा, गुठळ्या पूर्ण मोडा आणि मग मंद आचेवर सतत हलवा. मिश्रण जमून पातेल्याची कड सोडायला लागलं की लगेच उतरवा. आधी उतरवलं तर चिकट राहतं, उशीर झाला तर कोरडं पडून भेगाळतं. कोमट झालं की तेलाच्या हाताने मऊ मळा. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये दोनेक आठवडे टिकतं. या दिवसांत मीठ हवेतली ओल ओढून घेतं. गोळा पाझरला तर चमचाभर मैदा लावून परत मळा, वास आला तर टाकून द्या.

हा गोळा फक्त थोरल्याचा. इतकं मीठ पोटात गेलं तर लहान मुलाला खरोखर अपाय होतो, त्यामुळे धाकटीला बिनमिठाच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा द्या. कच्ची कणीकही खाऊ देऊ नका, आणि खेळून झाल्यावर तो गोळा पोळ्यांत परत घालू नका. कणीक ताणली की मागे येते, आकार टिकत नाही. या वयात त्याने काही बिघडत नाही, बोटं रुतवणं आणि चिमटे काढणं हाच तिचा खेळ आहे. थोरल्याला मात्र नेमकं काम हवं: पाच सारखे गोळे, मग लहानापासून मोठ्यापर्यंत रांग. ‘काहीतरी बनव’ म्हटलं की तो लवकर उठतो.

गंगापूररोड_आई
आमच्याकडे परातीत चणे, राजमा, मूग मिसळून वाट्यांत वेगळे करायला देतात. मुलं बराच वेळ रमतात.

बालवाडीताई
ताई, पाच वर्षांच्या मुलाला समोर बसून द्यायला हरकत नाही, अडीचच्या मुलीजवळ नको. दाणा नाकात गेला की ओल लागून फुगतो आणि घट्ट बसतो. घरी चिमट्याने काढायला गेलं की आणखी आत सरकतो, तो डॉक्टरांनीच काढायला हवा. तिला चार सेंटीमीटरपेक्षा लहान काही देऊच नका. डब्यांची झाकणं जुळवणं, वाट्या एकात एक बसवणं, मेथीची पानं खुडणं हे तिच्या हाताला जमतं. कपड्यांचे चिमटे पुठ्ठ्याच्या कडेला लावायला थोरल्याला द्या, त्याने पेन्सिल धरायची बोटं तयार होतात. आपल्याकडे जानेवारीपासून द्राक्षं घरोघर असतात, तेव्हाही खेळता खेळता अख्खं द्राक्ष नको. उभे चार तुकडे करा, गोल चकत्या घशात तशाच अडकतात.

सिडको_आजोबा
पाणी विसरू नका. परातीत दोन बोटं पाणी, खाली जुनी चादर, दोन वाट्या, चहाची गाळणी आणि स्पंजचा तुकडा एवढं पुरे. स्पंज मुलीच्या मुठीएवढा असावा. तो भिजवून दुसऱ्या वाटीत पिळायचा. ओतायला भांडं अर्धंच भरून द्या. भरलेलं भांडं मनगटाला पेलत नाही म्हणून सांडतं, आणि आपण उगाच मुलाला रागावतो. थोरला पेल्याला रबर लावून ‘इथपर्यंत भर’ हा खेळ खेळू शकतो. बादली मात्र कधीच नको. थोड्याशा पाण्यातही लहान मूल बुडतं, आवाजही होत नाही. कुकरकडे जाताना परात ओट्यावर उचलून ठेवायची, ‘एका मिनिटात येतो’ चालणार नाही.

पाऊसबाबा
पोळा जवळ आलाय, मातीचे बैल घरी करता येतील का? काळी माती वाळली की तडकते.

सिडको_आजोबा
ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून तडकते. तीन वाट्या चाळलेल्या मातीला एक वाटी बारीक रेती घाला. गणपतीच्या आधी शाडू मिळते, ती घेतली तर काम आणखी सोपं. पाय वेगळे चिकटवू नका, त्याच गोळ्यातून ओढून काढा आणि मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढे जाड ठेवा. शिंगं जोडायचीच तर दोन्ही बाजू काडीने खरवडून पातळ चिखल लावून दाबा. उन्हात ठेवलं की वरचा थर आधी आक्रसतो आणि भेग पडते, म्हणून सावलीत, ओलसर फडक्याखाली हळूहळू वाळू द्या. द्राक्षबागेतली माती आणू नका, तिथे औषधांची फवारणी झालेली असते. खेळून झाल्यावर दोघांचे हात साबणाने, नखांतली माती निघेपर्यंत धुवा.