पेन्शनवर आल्यानंतर : दवाखाना, पीपीओ आणि कागद (नाशिककर माजी सैनिकांचे अनुभव)

राम राम मंडळी.

नाशिकरोडला तोफखाना केंद्र, देवळालीला तोफखान्याचं स्कूल. त्यामुळे आपल्याकडे गल्लीआड एखादा पेन्शनवर आलेला फौजी सापडतोच. मीही तोफखान्यातलाच, नायब सुभेदार म्हणून बाहेर पडलो. युनिटमध्ये असताना ताप आला की एमआय रूम (युनिटचा दवाखाना) गाठायची, एवढंच माहीत होतं. आता औषध मिळण्याआधी आपण कोण हे सिद्ध करावं लागतं. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांचं घोडं डॉक्टरपाशी अडत नाही, त्याच्या कितीतरी अलीकडे अडतं. डिस्चार्ज बुकात एक माणूस, पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) दुसरा, आधारवर तिसरा.

वन रँक वन पेन्शनवर (एकाच हुद्द्याला सारखी पेन्शन) इथे नको, ती चर्चा वर्षानुवर्षं चालूच आहे. कार्यालयांची आणि साहेबांची नावंही नकोत. काय अडलं, कसं सुटलं (किंवा सुटलं नाही), तेवढं लिहा. घरच्यांनीही लिहा, खरं तर त्यांनीच लिहा.

सुरगाणेकर
वडील शिपाई म्हणून निवृत्त, आता साखर आणि बीपी. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आहे, गोळ्या फुकट आहेत, पण तिचा दवाखाना, म्हणजे पॉलिक्लिनिक, घराजवळ नाही. पहाटेची एसटी, नाशिकला उतरून पुढची बस, मग रांग. तिथे पोचल्यावर चारपैकी दोन गोळ्या ‘एनए’. म्हणजे साठ्यात नाहीत, त्या ठरलेल्या केमिस्टमार्फत मागवणार, नंतर या. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ‘नंतर या’ म्हणजे परत एक आख्खा दिवस. शेवटी वडील त्या दोन गोळ्या गावातल्या मेडिकलमधून विकत घेतात. योजनेबद्दल तक्रार नाही हो. पण फुकट औषधासाठी लागणारं भाडं कुणी मोजतं का?

निफाडची सून
सासरे गेले आणि सासूबाईंची फॅमिली पेन्शन अडकली. लग्नानंतर सासऱ्यांनी युनिटमध्ये नोंद केली तेव्हा क्लार्कने माहेरचं नाव लिहिलं. आधार, बँक, सातबारा सगळीकडे सासरचं. जन्मतारीख तर रेकॉर्डला एक आणि आधारवर भलतीच, कारण त्यांच्या पिढीत ती कुणी लिहूनच ठेवली नव्हती. पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर गेल्यापासून संगणकाला दोन बायका दिसतात, आणि तो एकीलाही पैसे देत नाही. प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा दाखला, त्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस, मग रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडून) दुरुस्ती. कल्याण कार्यालयातल्या एका माजी हवालदाराने अर्ज स्वतः लिहून दिला, नाहीतर आम्ही अजून झेरॉक्सच काढत बसलो असतो. त्या सगळ्या काळात ईसीएचएस कार्डाचंही काम थांबलं. पेन्शनच सिद्ध नाही, तर कार्ड कशावर? मोतीबिंदूचं ऑपरेशन आम्ही पदरचे पैसे घालून केलं.

कांदेवाला
थोडक्यात सांगतो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला, आणि माझा अंगठा मशीनला लागत नाही. आयुष्यभर कांदा आणि माती, रेघा राहिल्यात कुठे? आता मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला होतो. नातू करून देतो.

१५५ एमएम
मला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. बाहेर पडताना रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीवेळी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने) अपंगत्व २० टक्के धरलं, पण शेरा मारला: सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलंही नाही. म्हणजे अपंगत्वाची पेन्शन नाही. तोफेशेजारी उभं राहून कान गेला नाही, तर काय लग्नातल्या बँडने गेला?

पहिलं अपील फेटाळलं, दुसरंही. मग एका वकिलाने धरमवीर सिंग खटल्याचा २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच झाला असं धरायचं. तसं नाही हे सैनिकाने नाही, सरकारने सिद्ध करायचं. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज केलाय, तारखा चालू आहेत. माझ्या बाजूने लागला तर २० टक्क्यांऐवजी ५० टक्के धरले जातात, त्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात. नव्याने बाहेर पडणाऱ्यांनी नीट पाहा, २०२३ मध्ये नियम बदललेत.

एक्स-नायक, येवला
चांगलंही लिहू द्या. माझी बायपास झाली, ईसीएचएसच्या यादीतल्या रुग्णालयात, एक रुपया न देता. पण मेहुण्याला झटका आला तेव्हा जवळचं रुग्णालय यादीत नव्हतं. पोराने ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवलं म्हणून बिल दाखल तरी झालं. पैसे मिळाले सरकारी दराने, वरचा फरक घरातून गेला. यादीतलीही काही रुग्णालयं थकलेल्या बिलांचं कारण सांगून ‘बेड नाही’ म्हणतात. कार्ड बाजूला ठेवून रोख म्हटलं की बेड निघतो.

पेन्शन नसलेला
माझी १५ वर्षं भरली नाहीत, घरच्या अडचणीने लवकर यावं लागलं. त्यामुळे पेन्शन नाही, आणि पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसही नाही. गावात सगळे ‘फौजी’ म्हणतात, दवाखान्यात कुणी म्हणत नाही. आमच्यासारख्या ६५ च्या पुढच्यांना, हवालदारापर्यंतच्या रँकला, केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान असतं. महिना ४,००० होतं, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झालं. हे मला गावातल्या कुणी सांगितलं नाही, ध्वजदिनाच्या कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने सांगितलं.

भगूरची ताई
भाऊ पुढच्या वर्षी रिलीज होतोय. आत्तापासून काय करावं?

धागाकर्ता
ताई, त्याला सांगा, बायकोमुलांची नावं आणि जन्मतारखा पार्ट टू ऑर्डरमध्ये (युनिटच्या अधिकृत नोंदीत) कशा आहेत ते आधारशी आत्ताच ताडून बघ. युनिटमध्ये आहे तोवर क्लार्क समोर बसलेला असतो, नंतर पत्रव्यवहार. मेडिकल बोर्ड होईल तेव्हा ‘काही त्रास नाही’ म्हणून उरकू नकोस, दुखतंय ते सगळं सांग आणि बोर्डाची प्रत घे. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये कधी दाखल झाला असेल, तर तेही कागद जमव. आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर ईसीएचएससाठी त्यांचीही नोंद करून घे. दोघांचं मिळून उत्पन्न महिना ९,००० अधिक महागाई भत्ता, यापेक्षा कमी असावं लागतं. त्याचं रेकॉर्ड ऑफिस कुठलं, ते इथे कळवा. तिथला माहीतगार कुणी ना कुणी या धाग्यावर निघेलच.