कमीज अरबांची की पोर्तुगिजांची?

उलटी_शिवण:
कमीज सरळसरळ अरबी. कुराणातल्या यूसुफच्या अध्यायात त्याचा सदरा 'कमीस'च आहे. 711 साली अरब स्पेनात उतरले आणि शब्द युरोपभर पसरला: स्पॅनिश-पोर्तुगीज कामिसा, इटालियन कामीचा, फ्रेंच शमीज. हॉब्सन-जॉब्सन (1886), म्हणजे इंग्रजांनी केलेला हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा कोश, मात्र आपल्याकडचा शब्द पोर्तुगिजांच्या खात्यावर मांडतो. फारसी दारातच उभी असताना गोव्याच्या धक्क्यावर कशाला जायचं?

कोशकीटक:
तारखा जुळत नाहीत. संत जेरोमने फाबिओलाला लिहिलेल्या पत्रात (397 च्या सुमारास) 'कामिसिया' आहे: सैनिकांचा लिननचा सदरा, अंगाला घट्ट, पळताना-लढताना आड न येणारा. म्हणजे 711 च्या तीनशे वर्षं आधी.

फ्रेंचमधला 'श'ही बघा. थेट लॅटिनकडून वारशाने आलेल्या शब्दांत 'का'चा 'श' होतो: काबाल्लुस (घोडा) चं शव्हाल, तसं कामिसियाचं शमीज. नंतर दक्षिणेकडून उसना घेतलेला कामिसोल मात्र 'का' सांभाळून आहे. शमीज अरबांमार्फत आलेला नाही, हे एवढ्यावरच ठरतं. रुमानियन 'कमाशा'चं काय करणार? तिथे अरबांची सत्ता कधीच नव्हती.

जर्मन 'हेम्ट' याच घराण्यातला. लॅटिन क, जर्मन ह: कॉर्नू–हॉर्न, केंटुम–हुंडर्ट. म्हणून बरेच भाषातज्ज्ञ मूळ उत्तरेकडे, गॉल (आजचा फ्रान्स) आणि जर्मन टोळ्यांच्या टापूत शोधतात. अरबी कमीस हाच उलट लॅटिन-ग्रीककडून घेतलेला असावा.

उलटी_शिवण:
बरं, युरोपचं मागे घेतो. पण म्हणून आपली कमीज पोर्तुगीज होत नाही. मराठीतला 'खमीस' बघा. अरबी-फारसी शब्दांतल्या क-चा ख करायची आपल्याला सवयच आहे: कुर्सीची खुर्ची, बुर्काचा बुरखा. (अरबी 'खमीस' म्हणजे गुरुवार, त्याचा इथे संबंध नाही.)

काजबटण:
ती सवय पोर्तुगीज शब्दांनाही लागते, गामेलाचं घमेलं झालंच की. त्यामुळे ख-वरून काही सिद्ध होत नाही. निकाल लागतो शेवटच्या अक्षरावर.

सदऱ्याचं काज घ्या. पोर्तुगीज 'कासा' म्हणजे घर, आणि बटणाचं घरही. दोन स्वरांमधला स तिथे झ-सारखा वाजतो. आपल्याकडे येताना शेवटचा आ गळला, झ-चा ज झाला: काज. त्याच मापाने 'कामिसा'चं काय होईल? कमीज. खमीस नाही. खमीसातला स अरबी 'स्वाद' (ص) या अक्षराचा, तो फारसीतूनच आलेला. कमीज वेगळ्या वाटेने आली.

उर्दूत आजही दोन्ही लिहितात, शेवटी स्वाद घालून कमीस किंवा 'ज्वाद' (ض, उर्दूत उच्चार ज़) घालून कमीज. अरबीत फक्त स्वाद. खास, किस्सा, साबण, इन्साफ यांतल्या कुठल्याही स्वादचा ज झालेला नाही. मग एकट्या कमीजमध्येच का व्हावा?

मलायीत तर दोन्ही वाटा शेजारी दिसतात. 'केमेजा' म्हणजे शर्ट, पोर्तुगिजांकडून. 'गामिस' म्हणजे पायघोळ झगा, अरबीतून.

कोशकीटक:
स-ज चा मुद्दा मान्य. पण पोर्तुगीजमध्ये 'क' आहे आणि उर्दूत नुक्त्याचा, घशातून काढायचा 'क़'. तो कामिसातून येणार नाही. मूळ शब्द जुनाच, पोर्तुगिजांमुळे त्याचं फक्त शेपूट बदललं, असं म्हणेन. हॉब्सन-जॉब्सन निम्माच बरोबर.

अनुवादकाची_कात्री:
व्युत्पत्ती काहीही असो, अर्थ गृहीत धरू नका. 'कामिझोला' पोर्तुगालमध्ये स्वेटर किंवा फुटबॉलची जर्सी, ब्राझीलमध्ये बाईचा झोपायचा गाऊन. ब्राझीलच्या मजकुरात हा शब्द आला आणि पोर्तुगालचा कोश उघडला, की बाई जर्सी घालून झोपतात. फ्रेंच शमीज पुरुषाचा शर्ट, शिवाय कागद ठेवायचं पुठ्ठ्याचं फोल्डरही. इंग्रजीत गेल्यावर तोच बायकांचा आतला कपडा.

काजबटण:
लिंगाचा पुरावा राहिला. अरबी कमीस सहसा पुल्लिंगी, कामिसा स्त्रीलिंगी, हिंदी-उर्दू कमीजही स्त्रीलिंगी.

उलटी_शिवण:
तो टिकत नाही. चीज, तमीज, दहलीज, सगळ्या हिंदीत स्त्रीलिंगीच. यमकात बसली की कमीजही त्यांच्यातली होणार, पोर्तुगीज आई नसली तरी.