मे महिन्यात ऊन कडक, तरी मीठ उशिरा का धरतं?

खाजणकाठ:
उरणकडे आमचं छोटं मिठागर आहे. बाबांचे गुडघे धरलेत, म्हणून यंदा मीच बघते. फेब्रुवारीत भरभर मीठ पडत होतं. आता दुपारी बांधावर अनवाणी पाय ठेववत नाही, तरी शेवटच्या वाफ्यांत मीठ धरायला वेळ लागतोय आणि ओढून ढीग लावला तरी ओलसरच राहतंय. पहिल्या मोठ्या कोंड्यांतलं (समुद्राचं पाणी आधी साठवतो त्या तळ्यांतलं) पाणी मात्र व्यवस्थित आटतंय. असं का होत असेल?

जुना_आगरी:
ताई, नुसतं ऊन बघू नका, हवा बघा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. ते जवळपास गोड्या पाण्यासारखंच उडतं. मीठ पडायला लागतं तोवर दहातले नऊ हिस्से पाणी गेलेलं असतं, डिग्री (बोमे, म्हणजे पाणी किती दाट झालं त्याचं माप) २५ च्या आसपास आलेली असते, आणि असं दाट पाणी सहजी वाफ सोडत नाही. पाणी आणि हवा सारखीच गरम असली आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की त्याचं आटणं थांबतं. उलट तेच हवेतला ओलावा ओढायला लागतं! फेब्रुवारीत सकाळी जमिनीकडून कोरडा मतलई वारा असतो. मे महिन्यात दुपारी तापून जे उडतं, त्यातलं थोडं दमट रात्री परत येतं.

ढीग ओला राहतो त्याचं कारण बहुतेक वाफ्यातलं जुनं पाणी. मीठ पडून गेल्यावर त्यात मॅग्नेशियम उरतं, ते तर बरंच कोरड्या हवेतूनही पाणी ओढतं. बोटांना बुळबुळीत लागतंय का? जिभेला कडू? तर सोडून द्या, नवीन पाणी घ्या.

भरती_ओहोटी:
वळवाचीही तयारी ठेवा. १० मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १० लिटर पाणी, आणि ते साडेतीन किलो मीठ विरघळवू शकतं. पण गोडं पाणी हलकं, वर तरंगतं. वाऱ्याने ढवळायच्या आत वरचा थर काढून टाका.

खाजणकाठ:
आत्ताच बघून आले. बुळबुळीत आहे आणि चांगलंच कडू. डिग्री ३०. खाडीत सोडलं तर कोळंबीला त्रास होईल का?

जुना_आगरी:
एकदम सोडलंत तर होईल. उधाणाच्या दिवसांत, ओहोटी लागली की थोडं थोडं सोडा. वाफ्याचा तळ उघडा पडला की मीठ लगेच ओढून घ्या.